फिल्टरवरच्या पिवळ्या रेघा

मोटरसायकलचं तेल बदलणं हे काही रडण्यासारखं काम नाही. खालचा बोल्ट काढायचा, काळं तेल घमेल्यात सोडायचं, जुना फिल्टर फिरवून काढायचा, नवा बसवायचा, नवं तेल ओतायचं. चहा पीत पीत केलं तरी तासाभरात आटोपतं. होळीनंतरच्या एका रविवारी मी या कामाला सकाळी आठला बसलो आणि दुपारी एकला अंगणात फतकल मारून, तेलकट बाहीनं नाक पुसत, ढसाढसा रडलो. वय अठ्ठेचाळीस, नोकरी बँकेत, हाताखाली अकरा माणसं. शेजारच्या भाभींनी गच्चीवरून पाहिलं असणारच. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

फिल्टर निघाला नाही म्हणून मी रडलो नव्हतो. तो तर शेवटी निघाला.

आमचं घर अधारतालला, मुख्य रस्ता सोडून दोन गल्ल्या आत. बाबा तरुणपणी विदर्भातल्या खेड्यातून इथे, हिंदी मुलखातल्या या शहरात, फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. त्यांच्या फॅक्टरीत फौजेचे ट्रक बनत. पस्तीस वर्षं त्यांनी त्या ट्रकांचे नट कसले. तिथली एक पद्धत होती. नट कसून झाला की त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची, अर्धी नटावर, अर्धी खालच्या लोखंडावर. रेघ सलग दिसली तर नट कसलेला आहे आणि जागचा हललेला नाही. रेघ तुटलेली दिसली तर तो ढिला झालाय, किंवा कोणीतरी त्याला हात लावलाय. बाबांच्या मते माणसानं आजवर लावलेल्या शोधांमध्ये हा सर्वांत थोर. हा शोध ते घरीही घेऊन आले. आमच्या पंख्याच्या बोल्टवर पिवळी रेघ आहे, गॅसच्या रेग्युलेटरवर आहे, टाकीच्या नळावर आहे. माझं लग्न झालं तेव्हा बायकोच्या माहेरून आलेल्या पलंगावर बाबांनी पहिल्याच दिवशी आठ रेघा ओढल्या. नागपूरची ती पोर, हा आमच्याकडचा कुळाचार असावा असं समजून तिनं पलंगाला हात जोडले होते.

चार वर्षांपूर्वी मी मोठी, दोन सिलिंडरची मोटरसायकल घेतली. लोकांना वाटलं, साहेबांना चाळिशी उलटल्यावर शौक सुचला. खरं म्हणजे ती बाबांसाठी होती. आई नुकतीच गेली होती आणि बाबा दिवसभर भिंतीकडे पाहत बसत. गाडी आली आणि त्यांना काम मिळालं. चालवायची मी, राखायची त्यांनी. तेल, चेन, ब्रेक, सगळं त्यांच्याकडे. मला पान्याला हातसुद्धा लावू देत नसत. "तू बँक सांभाळ," म्हणत.

मग दीडेक वर्षापासून बाबा विसरायला लागले. आधी चष्मा आणि गोळ्या, त्याचं काही वाटलं नाही. नंतर एकाच सकाळी दोनदा दूध आणू लागले. एकदा शहरातल्याच चेरीतालहून येताना त्यांना रिक्षावाल्याला घराचा पत्ता सांगता आला नाही. त्या भल्या माणसानं त्यांच्या खिशातल्या फोनवरून मला फोन लावला. बायको म्हणाली, "अहो, बाबांना डॉक्टरला दाखवू या." मी म्हटलं, वय झालंय. ती पुन्हा म्हणाली. मी डोक्यात राख घालून ताटावरून उठलो. असं दोन-तीनदा झालं. माझं एकच म्हणणं होतं, "गाडीचं काम बघ. एक नट कधी ढिला राहिला? हात विसरत नाहीत तोवर माणूस ठीक आहे." यावर ती ताटं उचलू लागे. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. त्या एका गोष्टीवर मी माझा सगळा धीर टांगून ठेवला होता. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडतो. लहानपणापासूनची खोड आहे.

तर त्या रविवारी काम माझ्याकडे आलं, कारण बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झाले होते. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. पण गाडीचं तेल त्यांच्या डोक्यातून जाईना. दिवसातून दहा वेळा विचारत, "तेल बदलवलं का?" शेवटी मी म्हटलं, मी बदलतो, तुम्ही फक्त सांगा. ते काळा चष्मा लावून खिडकीशी खुर्ची टाकून बसले, एखाद्या सत्काराला आलेल्या पाहुण्यासारखे.

"इंजिन जरा गरम कर. जास्त नको, हात भाजते."

तेल उतरलं. आता फिल्टर. तळहातात मावेल एवढा पत्र्याचा काळा डबा, इंजिनच्या पुढच्या बाजूला, चाकाकडे तोंड करून बसवलेला. रस्त्याची सगळी माती त्याच्यावरच येते. मी त्याला मूठ घातली आणि फिरवला. हलला नाही. फडकं गुंडाळून फिरवला. सँडपेपर गुंडाळून फिरवला. नुसत्या हातानं निघतो म्हणतात तो हाच का, असं मनात आलं. फिल्टर काढायचा टोपीसारखा पाना बाबांच्या पेटीत होता. तो चढवला, जोर केला, आणि पाना डब्याचे कोपरे सोलून गोल गोल फिरू लागला.

"निघाला का?" खिडकीतून.

"निघून राहिला."

"निघून राहिला म्हणजे? फिल्टर निघते, नाही तर नाही निघत. निघून काय राहते?"

मी पान्यावर पुन्हा जोर केला.

"उलटा तर नाही फिरवून राहिला?"

"बाबा, मला उलटं-सुलटं कळतं."

पण एकदा तपासून पाहिलं. उलटा नव्हता.

जुना कमरेचा पट्टा आणला, डब्याभोवती आवळला, त्यात पाइपचा तुकडा अडकवून पिळला. पट्टा तुटला. दुसरा आणला, तो चांगला होता, ऑफिसचा. तोही घसरला आणि डबा मधोमध चेपला. अकरा वाजून गेले. ऊन अंगणात आलं. बायको चहा घेऊन आली, माझ्याकडे पाहिलं, चेपलेल्या डब्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "रोडवरच्या भैयाला बोलवायचं का?" बाबा खिडकीत बसलेले असताना बाहेरचा मिस्त्री या घरात येणं म्हणजे काय, ते तिलाही ठाऊक होतं. मी नुसती मान हलवली. चहा तिथेच निवला.

मग मी ते केलं जे लोक शेवटचा उपाय म्हणून करतात. लांब पेचकस घेतला, हातोड्यानं डब्यातून आरपार ठोकला आणि त्याला दांडा समजून जोर लावला. पत्रा पापडासारखा फाटला. आतलं उरलंसुरलं काळं तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, अंगठा कापला आणि डबा हातात आला. म्हणजे फक्त वरचा डबा. बुडाची चकती, तिची गोल कड आणि कडेला राहिलेला दातेरी पत्रा, सगळं इंजिनला जसंच्या तसं चिकटून. आता धरायलाही काही उरलं नाही. गाडी तेलाशिवाय, सोमवारी सकाळी बँक, आणि खिडकीतून चौथ्यांदा, "निघाला का?" मी अक्षरशः हात टेकले.

चकतीला छिन्नी लावायला कुठे जागा आहे ते पाहावं म्हणून मी फडकं पेट्रोलमध्ये बुडवून कडेवरची माती पुसली. माती जाड होती, वर्षाची. तिच्याखालून पिवळा रंग निघाला.

इंजिनवर एक रेघ होती. इतकी जाड, की तिच्यावर रंगाचे थर चढलेले बोटाला लागत होते. आणि तिच्या शेजारी, फिल्टरच्या कडेवर, एक नव्हे, पाच रेघा होत्या. सर्वांत जुनी पार पुढे सरकलेली. तिच्यामागे दोन बोटं सोडून दुसरी. मग बोटभर सोडून तिसरी. मग नखाएवढ्या अंतरानं चौथी. आणि पाचवी इंजिनवरच्या रेघेला अगदी जुळलेली, सलग.

मला वाचायला वेळ लागला नाही. या घरात वाढलेल्या कोणालाही लागला नसता. बाबांनी फिल्टर कसला आणि रेघ ओढली. मग कुठल्यातरी दिवशी, मी बँकेत असताना, त्यांना वाटलं की फिल्टर कसायचा राहिलाय. पाना घेऊन आले, होता त्याच्यावर पुन्हा कसला आणि पुन्हा रेघ ओढली. मग पुन्हा. मग पुन्हा. प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा कमी फिरला, म्हणून प्रत्येक वेळी त्यांनी आणखी जोर केला. रेघ समोर होती आणि सलग होती, आणि तिचा अर्थ त्यांना दिसत नव्हता. ओढायची तेवढी आठवत होती. पाचही रेघा सरळ होत्या, स्वच्छ, जराही न थरथरता ओढलेल्या. एवढ्या सुंदर रेघा मला जन्मात जमणार नाहीत.

तिथे मी खाली बसलो आणि रडलो. बायको बरोबर होती, हे मला तेव्हा एखाद्या शिक्षेसारखं वाटलं. दीड वर्ष मी तिला ज्या गोष्टीनं गप्प केलं होतं, ती गोष्टच आत हे लपवून बसली होती. आणि दीड वर्ष मी वाया घालवलं होतं.

"काहून रडून राहिला बे? हात कापला का?"

बाबा बाहेर आले होते. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं विसरून, किंवा न विसरता. मी अंगठा दाखवला. त्यांनी प्लास्टिकचं स्टूल ओढलं, गाडीपुढे बसले, काळा चष्मा कपाळावर केला आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं चकतीकडे पाहिलं. त्या डोळ्याला आठ दिवसांपासून रंग नव्यानं दिसत होते.

"कोणं कसला हा?"

मी अंगठ्यावर रुमाल दाबला.

"ट्रकचा नट समजला काय? एकावर एक पाच वेळा कसला. असा माणूस आमच्या फॅक्टरीच्या शॉपमध्ये असता, तर मी त्याच्या हातातला पाना काढून घेतला असता. कोण आहे हा?"

"मी कसला, बाबा."

हे मी ठरवून म्हटलं नाही. तोंडातून निघून गेलं.

"तू? केव्हा?"

"तुम्ही बसवल्यावर. मला ढिला वाटला."

"निशाण पण तूच लावले?"

"हो. तुमचं पाहून."

त्यांनी रेघांवरून नख फिरवलं. "निशाण तर चांगले लावले," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "लावतो, तर वाचत काहून नाही? निशाण वाचायसाठी असते ना?"

"विसरतो मी, बाबा. कसला होता हेच विसरतो."

मला वाटलं आता शिव्या पडतील. त्या नाही पडल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला. "छिन्नी दे," एवढंच म्हणाले. मी वाकू दिलं नाही, म्हणून छिन्नी मी धरली आणि त्यांनी माझं मनगट धरलं. "कडेवर लाव. तिरपी. अबे, ठोकू नको, टिचक मार. आता इकडून. आता तिकडून." एका जागी जोर न करता सगळीकडून थोडं थोडं. दहा-बारा टिचक्यांमध्ये चकती कुरकुरली. वीस झाल्यावर फिरली. पाच तास ज्यानं माझे नाकी नऊ आणले, ते त्यांनी दहा मिनिटांत माझ्याच हातून काढून घेतलं. नव्या फिल्टरच्या रबरावर त्यांनी बोटानं तेल फिरवलं, हातानंच कसला, रबर टेकल्यावर पाऊण फेरा, बस. एकही चूक नाही. मला ते पाहवत नव्हतं.

रिठ्याच्या पाण्यानं हात धुताना त्यांनी आवाज खाली करून विचारलं, "केव्हापासून होऊन राहिलं तुला असं?"

"वर्ष-दीड वर्ष."

"सूनबाईला माहीत आहे?"

"आहे. ती म्हणते डॉक्टरला दाखवा. मीच टाळतो."

"काहून?"

"भीती वाटते, बाबा."

एवढंच त्या सबंध संभाषणातलं खरं वाक्य होतं.

"भ्यायचं काय त्यात?" ते म्हणाले. "दाखवू. मी येतो संगं."

बायकोला मी स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. ती ओट्याला धरून उभी राहिली आणि "मी म्हटलं होतं" हे शब्द तिनं उच्चारले नाहीत. त्याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी आहे. संध्याकाळी तिनंच डॉक्टरांना फोन करून खरं काय ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, या, बघू कसं जमतं ते.

बुधवारी गेलो. वाटेत बाबांनी माझ्या जुन्या तपासण्यांची फाइल स्वतःच्या मांडीवर धरली होती. काउंटरवर पर्ची, म्हणजे केसपेपर, बनवायला तेच पुढे झाले, माझं नाव सांगितलं, आणि वय विचारल्यावर म्हणाले, "पैंतीस." मी दुरुस्त केलं नाही. आत गेल्यावर त्यांनी डॉक्टरांना हात जोडले. "मेरा लड़का है, साहब. बैंक में है. भूल जाता है. वैसे होशियार है."

डॉक्टर बरे होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा, थोड्या वेळानं विचारीन. "चाबी, अमरूद, छाता." मग बाबांकडे वळून, "अंकल, आप भी याद रखिए, इनका साथ दीजिए." बाबा खूश झाले. मग डॉक्टरांनी इकडच्या तिकडच्या गोष्टी काढल्या. घर कुठे, डोळा कसा आहे, फॅक्टरीत काय काम होतं. बाबा भरभरून बोलले. पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका गिअरबॉक्सची कहाणी त्यांनी नटाबोल्टासकट सांगितली. मी टेबलाच्या कडेकडे पाहत होतो. कोणीतरी येऊन हे सगळं थांबवावं, असं मला वाटत होतं.

"हाँ, तो वो तीन शब्द?" डॉक्टरांनी मला विचारलं.

मला ते पाठ होते. मरेपर्यंत पाठ राहतील. मी मान खाली घातली आणि गप्प राहिलो.

बाबांना माझी ही फजिती सहन होईना. खुर्ची सरकवून ते माझ्याकडे झुकले. तोंडावर हात आडवा धरून, डॉक्टरांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "चाबी," ते कुजबुजले. आणि थांबले. त्यांचा श्वास माझ्या कानावर येत होता. मी वाट पाहिली. त्यांच्या अंगठ्यानं करंगळीचं पहिलं पेर धरलं, मग तो दुसऱ्या पेरावर गेला आणि तिथेच राहिला. पुढे काही आलं नाही.

ते हळूहळू मागे झाले. माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवायला हवी होती, जमलं नाही. माझ्या डोळ्यांत त्यांना काय दिसलं ते मला माहीत नाही, पण त्यांनी ते वाचलं. रविवारचं अंगण, चकती, "मी कसला, बाबा", सगळं त्यांनी एकदमच वाचलं असावं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, जरा दाबला आणि काढून घेतला. मग खुर्चीत ताठ बसले, काळा चष्मा काढून खिशात ठेवला आणि फॅक्टरीत वरच्या साहेबांशी बोलताना काढत तो आवाज काढला.

"डॉक्टर साहब, ये पर्ची ग़लत बन गई है. हमारे नाम से बना दीजिए."